खडकीचा कारभारी

खुलताबादला मी आजवर शंभर वेळा तरी गेलो असेन. नोकरीतली काही वर्षे त्या तालुक्यातल्या पीककर्जाच्या वसुलीतच गेली. जीपने दौलताबादचा घाट चढायचा, गावात चहा घ्यायचा, मग खेड्यापाड्यांत फिरायचे आणि दिवस मावळायच्या आत शहर गाठायचे, असा तो शिरस्ता होता. घरच्यांबरोबर गेलो तर भद्रा मारुती, फार तर पुढे वेरूळ आणि घृष्णेश्वर. वस्तीच्या वायव्येला, थोडासा आडबाजूला, जो काळपट घुमट दिसतो तो मलिक अंबरचा, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि थांबणे वेगळे. निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी, गेल्या हिवाळ्यात, मी तिथे पहिल्यांदा थांबलो.

सकाळची वेळ होती. आत एक कबर, बाहेर गवत, शेजारी जरा लहान आकाराचा त्याच्या बायकोचा, बीबी करीमाचा मकबरा. खुलताबादला येणारे बहुतेक लोक औरंगजेबाची साधी कबर पाहतात, दर्ग्यात जातात आणि मारुतीला नारळ फोडून निघतात. इकडे फारसे कोणी येत नाही. संरक्षित स्मारकाची पाटी तेवढी असते, आणि अशा पाट्यांवर जे असते ते आपण सर्वांनी वाचलेले आहे: कायद्याचे नाव, त्याचे साल आणि मोडतोड केल्यास होणारी शिक्षा.

मी असा उभा असताना मोटारसायकलवरून दोन पोरे आली. कन्नडकडची होती, मारुतीच्या दर्शनाला निघालेली. वाटेत घुमट दिसला म्हणून वळली. त्यांनी मला विचारले की काका, हा कोण होता? मी तोंड उघडले आणि माझी पंचाईत झाली. कर्जप्रकरणावर चार ओळींचा शेरा लिहिण्यात माझी हयात गेली. भल्याभल्या कारखान्यांचे भवितव्य मी चार ओळींत बसवले आहे. पण हा माणूस काही चार ओळींत बसेना. हबशी होता म्हणालो, गुलाम होता म्हणालो, आपले शहर त्याने वसवले म्हणालो. पोरांना वाटले म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा होतोय. गुलाम शहर कसे वसवील?

त्यांचे बरोबरच होते. म्हणून तिथे जे नीट सांगता आले नाही ते इथे सांगतो.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. तो लहानपणीच विकला गेला. तांबड्या समुद्रावरच्या बाजारातून बगदादेकडे, एका मालकाकडून दुसऱ्याकडे, असा त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची बुद्धी ओळखली, त्याला लिहायला वाचायला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनेत आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पेशवा हा शब्द वाचून पुण्याची आठवण होईल, पण तो हुद्दा निजामशाहीत आधीपासून होता. आणि हा चंगेजखान म्हणजे मंगोलांचा तो नव्हे. तो स्वतः एके काळी गुलाम म्हणून आलेला हबशीच होता.

इथे थोडे थांबायला हवे. गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. दख्खनेतली गुलामी निराळी होती. इथल्या दरबारांत दखनी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी यांच्यात कायमची चुरस. कोण कधी फिरेल याचा सुलतानाला भरवसा नसे. ज्याला इथे ना भाऊबंद, ना सासर-माहेर, असा माणूस धन्याला धरून राहतो, या हिशेबाने हबशी गुलाम आणले जात, त्यांना शिकवले जाई, हत्यार दिले जाई. धनी गेला की ते पुष्कळदा मोकळे होत आणि अंगात कर्तबगारी असली तर सरदारही होत. म्हणजे ती गुलामी चांगली होती असे नव्हे. आईच्या कुशीतून उचललेले पोर समुद्रापलीकडे विकणे याला चांगले म्हणायला जीभ वळत नाही.

चंगेजखान १५७५ च्या आसपास मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. त्याचे वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. नंतरची वीसेक वर्षे त्याने आज या दरबारी, उद्या त्या दरबारी अशी भाड्याच्या शिपाईगिरीत काढली. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक ही पदवी मिळाली. म्हणजे पहा, चापू हे नाव आईबापांनी दिले, अंबर हे मालकाने, मलिक हे सुलतानाने. १५९५ च्या सुमारास तो नगरला परतला तेव्हा त्याच्यापाशी दीडशे घोडेस्वार होते आणि त्याची पंचेचाळिशी उलटलेली होती. आमच्याकडे या वयाला माणूस बढतीची आशा सोडून भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडायला लागतो.

तेव्हा अकबराच्या फौजा नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसल्या होत्या आणि आतून चांदबीबी लढत होती. पहिला वेढा निभावला. १६०० साली मात्र चांदबीबी स्वतःच्याच माणसांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. बाल निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. कागदोपत्री निजामशाही संपली. परंतु मोगलांच्या हाती आला तो किल्ला आणि त्याभोवतीचा मुलूख. गावे, घाट, डोंगर आणि रोजगार गेलेले हजारो घोडेस्वार बाहेरच होते. अंबरने हे स्वार गोळा केले. राजघराण्यातला एक मुलगा शोधून त्याला परांड्याच्या किल्ल्यात मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. तिथून पुढे मरेपर्यंत, पंचवीस-सव्वीस वर्षे, राज्य त्याने चालवले. पण नाणे आणि खुतबा निजामशहाच्याच नावाचा राहिला. स्वतः तो शेवटपर्यंत कारभारीच होता.

त्याच्या लढाईची रीत मराठी वाचकाला नवी वाटणार नाही. मोगलांचे लष्कर म्हणजे चालते शहर. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे, जनाना. ते दिवसाला चार-दोन कोस सरकणार. अंबरचा स्वार हलका: एक घोडे, एक भाला, पाठीशी भाकरी. समोरासमोर भिडायचे नाही. दाणावैरणीचे तांडे अडवायचे, रात्री छावणीवर पडायचे, पाठलाग झाला की घाटात नाहीसे व्हायचे. ज्याला सरकारातून घोडे मिळे तो बारगीर, ज्याचे स्वतःचे तो शिलेदार. या दोन्हींत मराठ्यांचा भरणा मोठा होता. वेरूळचे भोसले, सिंदखेडचे जाधव ही घराणी याच राज्यात वाढली. गनिमी कावा अंबरने मराठ्यांना शिकवला की मराठ्यांनी अंबरला, यावर जाणकार वाद घालतात. मला वाटते, या डोंगरांनी दोघांनाही शिकवला.

तो हरला नाही असे मुळीच नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीमच्या मुलाने त्याचा पराभव केला. अंबर जखमी झाला आणि हाती सापडता सापडता वाचला. हा अब्दुर्रहीम म्हणजे शाळेत आपण ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम. नंतर दोघांनी तह केला. तह करण्याची गरजही होती, कारण अंबरचा खरा जीवघेणा झगडा मोगलांशी नव्हे, घरातच चालला होता.

राजू दखनी नावाचा दुसरा सरदार दौलताबादेकडचा मुलूख दाबून बसला होता. निजामशाही वाचवायची हे दोघेही म्हणत, आणि एकमेकांचे गळे धरत. मधे तो नामधारी निजामशहा. सासऱ्याचा जाच वाटू लागला की जावई गुपचूप राजूला बोलावी. मोगल सरहद्दीवर उभे आणि एकाच राज्याचे दोन सेनापती आपसांत लढताहेत, अशी पाच-सहा वर्षे गेली. त्या वर्षांत ज्या गावांवरून दोघांचीही घोडी गेली असतील तिथल्या कुणब्याने सारा कोणाला भरला असेल, हा प्रश्न मला वसुलीवाला म्हणून नेहमी पडतो. १६०७ च्या सुमारास अंबरने राजूला पकडले आणि दौलताबाद घेतले.

याच्या पुढचे पान काळे आहे आणि ते वगळून चालणार नाही. १६१० मध्ये मुर्तझा निजामशहा विषप्रयोगाने मेला. त्याच्या थोरल्या इराणी बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, ते बापाच्या कानावर गेले आणि त्याने दोघांचाही काटा काढला, अशी हकीकत एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. हा व्यापारी, पीटर व्हान डेन ब्रुके, १६१७ मध्ये अंबरला समक्ष भेटलेला होता. ज्याने साठ वर्षे आपल्या जन्माची खूण अंगावर बाळगली, त्याला तो शब्द कसा लागला असेल ते समजते. पण समजले म्हणून जावयाला विष घालणे धुऊन निघत नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले असेल, हा विचार मला त्या कबरीपाशी उभा असताना आला. अंबरने लगेच दुसरा निजामशहा बसवला आणि कारभार पुढे चालू झाला.

त्याच वर्षी त्याने दौलताबादपासून थोड्या अंतरावर खडकी नावाच्या खेड्यात राजधानी मांडायला घेतली. नावाप्रमाणे सगळा खडक. राजधानी मांडायला जागा प्रशस्त, पण पाण्याची वानवा. दरबारातले लोक मनात हसले असणार. अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिले. त्या डोंगरांच्या पोटात मुरलेले पाणी जमिनीखालून आणायचे त्याने ठरवले. उताराचा अचूक अंदाज घेऊन भुयारी कालवा खोदला, ठरावीक अंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढायला उतरण्यासाठी तोंडे ठेवली आणि पाणी आपल्या वजनाने गावात आणून सोडले. हीच नहर-ए-अंबरी. ना मोट, ना पंप, ना वीज. पुढच्या काळात याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्की फिरवणारी नहर त्यांतली, ती अंबरची नव्हे. पाहुण्यांना शहर दाखवताना आपण इथे हमखास चूक करतो, मीही वर्षानुवर्षे केली. अंबरच्या नहरीचे काही भाग चारशे वर्षांनंतरही पाणी वाहत आहेत. आमच्या घरचे पाणी आता जायकवाडीहून उपसून चढवतात आणि ते केव्हा येणार हे शेजारच्या वहिनींच्या फोनवरून कळते, त्यामुळे या विषयावर मी जरा लांबण लावली तर वाचकांनी समजून घ्यावे.

१६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून त्याने भडकल दरवाजा उभारला. आज त्याच्याजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि चौदा एप्रिलला तिथे मुंगीला वाट मिळत नाही. मशिदी बांधल्या, वाडे बांधले. भोसले सरदारांच्या नावाचे पुरे वसले: मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा. परंतु सुख फार काळ टिकले नाही. १६१६ मध्ये जालन्याच्या बाजूला रोषणगावापाशी मोगलांनी त्याचा मोड केला. त्याचे काही बडे मराठे सरदार आधीच पलीकडे गेले होते. मोगल खडकीत शिरले आणि त्यांनी सहा वर्षांचे शहर उद्ध्वस्त केले. अंबरने ते पुन्हा उभे केले. १६२१ मध्ये शहाजहानच्या फौजेने पुन्हा तेच केले. अंबरने पुन्हा उभे केले. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते.

दर वेळी पैसा कोठून आला? हा प्रश्न मला लढायांपेक्षा जास्त छळतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या जमीनमहसुलात आहे. त्याने साऱ्याची इजारदारी मोडली. इजारदार म्हणजे सरकारला एकठोक रक्कम भरून मग रयतेकडून हवे तेवढे ओरबाडणारा. त्याऐवजी जमिनीची मोजणी केली, प्रत लावली, आणि सारा गावाकडून पाटलामार्फत घ्यायला सुरुवात केली. जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे ती अशी: प्रथम पिकाचा दोनपंचमांश हिस्सा धान्यात घेतला, नंतर काही हंगामांचा अनुभव पाहून त्याची रोकड ठरवली, ती साधारण एकतृतीयांशाइतकी पडे. आणि पीक कसे आले हे पाहून आकार दरवर्षी कमीजास्त होई. आमच्या भाषेत सांगायचे तर त्याने आणेवारी बघून वसुली केली. दुष्काळाच्या सालात हात आखडला नाही तर पुढच्या साली कर्जदार गावातच सापडत नाही, हे मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. अंबरने ते राज्यभर अमलात आणले, आणि तेही युद्ध चालू असताना. त्याच्या या धारेबंदीला जुन्या मराठीत मलिकंबरी असा शब्दच पडला. पुढे पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी जी व्यवस्था लावली ती याच पायावर, असे इतिहासकार सांगतात.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा जहांगीर होता. अंबर त्याच्या घशात अडकलेला काटा. आपल्या आठवणींत बादशहाने त्याचा उल्लेख शिवी दिल्याशिवाय क्वचित केला, आणि शिवीत बहुधा त्याच्या रंगाचा उद्धार असे. १६१६ च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या शिराला बाण मारतो आहे. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. मी ते पुस्तकात पाहिले. ही घटना कधीच घडली नाही. अंबरचे डोके अंबरच्या धडावरच राहिले. जी गोष्ट वीस वर्षे फौजांना जमली नाही ती रंगाच्या कुंचल्याने करून घ्यावी लागली. मोगल चित्रकारांनी अंबरची साधी चित्रेही काढली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हाशिम या चित्रकाराचे एक आहे. त्यात एका बाजूने दिसणारा धिप्पाड, वयस्क माणूस आहे. चेहऱ्यावर ना राग, ना दिमाख. मला तर त्यात आमचे एक जुने विभागीय व्यवस्थापक दिसले.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर त्याच्याविरुद्ध एक झाले. गाठ पडली ती अहमदनगरजवळ, आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडीला. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, तोफा रुतल्या, दाणावैरण बंद पडली. मग रोज रात्री छापे. शत्रू हैराण होऊन बाहेर पडला तेव्हा त्याने घाव घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद लारी पडला, मोगलांचे सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी कामी आले. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाने शिवभारतात भातवडीचे वर्णन केले आहे, आणि अंबरविषयी त्यात आदरच आहे.

अखेरच्या दोन वर्षांत एक अजब गोष्ट झाली. खडकी बेचिराख करणारा शहाजहान बापाविरुद्ध बंड करून उठला होता. सगळीकडे हरून तो दख्खनेत आला आणि अंबरच्या आसऱ्याला राहिला. आता आग मोगलांच्या घरात लागली होती. म्हाताऱ्याने जुना हिशेब काढला नाही. दोघांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा घातला. त्यातून फारसे निष्पन्न झाले नाही. मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याचे वय ऐंशीच्या घरात होते, आणि हा मकबरा त्याने जिवंतपणीच बांधून ठेवला होता. त्याच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्याच बखरकाराने त्याचा पराक्रम आणि त्याचा कारभार दोन्हींची मोकळ्या मनाने तारीफ केली.

त्याचा मुलगा फतेहखान कारभारावर आला. त्याने दौलताबाद १६३३ मध्ये मोगलांच्या हवाली केले आणि पेन्शन घेतली. तीन वर्षांनी निजामशाही कायमची बुडाली. खडकीचे त्याने फतेहनगर केले होते, औरंगजेबाने १६५३ मध्ये ते औरंगाबाद केले, २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. ज्या थोर पुरुषाचे नाव आता शहराला आहे, त्याचे आजोबा शहाजीराजे भातवडीला अंबरच्या बाजूने घोड्यावर होते, हे मला त्या पोरांना सांगायचे होते. तेवढे राहून गेले.

त्यांना मी शेवटी इतकेच सांगितले की तुमच्या गावची जमीन या माणसाने मोजली होती. तेव्हा मात्र त्यातल्या एकाने मान वर केली. त्यांच्या बांधाचा वाद आहे, चुलत्याशी. मोजणी कोणत्या साली झाली होती, कागद कुठे मिळतील, सातबाऱ्यावर काही लागते का, असे त्याने मला एका दमात विचारले. चारशे वर्षांपूर्वीची मोजणी तहसीलमध्ये चालत नाही, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागेल, हे मी त्याला समजावून सांगितले आणि अर्ज कसा लिहायचा तेही सांगितले. त्याने ते मोबाइलवर टिपून घेतले. मग त्याने घुमटाचा एक फोटो काढला, बीबी करीमाच्या मकबऱ्याचाही काढला, आणि गर्दी व्हायच्या आत मारुती गाठायचा म्हणून दोघे निघून गेले.